कुंकवाच्या रंगाची गाडी

१

फडकं लाल झालं तेव्हा आरोग्यसामीला आधी वाटलं, आपलाच हात कापला.

त्यानं हात उलटापालटा करून पाहिला. हात धड होता. मग त्यानं बॉनेटवरून पुन्हा ओलं फडकं फिरवलं, आणि या खेपेला फडक्याबरोबर रंगाची अख्खी सायच निघून आली. खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला.

"मरियामाते!" तो असा काही ओरडला की समोरच्या घरात उतरलेले लग्नाचे पाहुणे खिडक्यांत गोळा झाले.

आणि गाडी तरी कोणती! नाच्चियप्पन चेट्टियारांच्या आजोबांनी रंगूनहून आणलेली, उघड्या टपाची, पांढऱ्या कडेच्या टायरांची. कारैक्कुडीत लग्न कुणाचंही असो, नवरदेव मिरवायला हीच गाडी हवी. चेट्टियारांनी मुलीच्या, उमैयाळच्या, लग्नासाठी तिला नुकताच नवा रंग देऊन घेतला होता. गडद लाल, कुंकवासारखा. लग्न काल पार पडलं. आज दुपारी उमैयाळ याच गाडीतून सासरी देवकोट्टैला जायची होती. आणि आता बॉनेटवर हे! निस्तेज, फुगलेले चट्टे, त्यांच्या कडा राखेसारख्या पांढुरक्या. मधोमध ताटाएवढं अर्धवट वर्तुळ. तिथून निघालेले ओघळ दोन्ही बाजूंनी पार चाकांपर्यंत गेलेले.

चेट्टियार वेष्टी सावरत बाहेर आले. बॉनेटकडे पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसले. बोलले ते त्यांचे मेहुणे सोलैयप्पन, उमैयाळचे मामा. गालात पान होतं, तरी आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला. चेट्टियारांना ते 'अत्तान', म्हणजे दाजी, म्हणत.

"ॲसिड! हे ॲसिडचं काम आहे, अत्तान. दुसरं काही नाही. डिकी उघडा बघू."

डिकीत बॅटरीच्या ॲसिडचा कॅन निघाला. अर्धा रिकामा.

"तो असतोच तिथं," आरोग्यसामी म्हणाला. "जुनी गाडी, सारखं बघावं लागतं."

"आणि परवा वरातीत गाडी बंद पडली, अत्तान चारचौघांत बोलले, तेव्हा तू काय पुटपुटलास? 'या गाडीला एकदा आगच लावली पाहिजे.' मी या कानांनी ऐकलंय!"

ते खरंच होतं. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण बोललेलं परत गिळता येत नाही, हेही तितकंच खरं.

चेट्टियारांनी डोळे वर केले. "आरोग्यम, तू? माझ्या मुलीच्या गाडीवर?"

"मालक, शप्पथ घेतो! येत्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर माझ्या पोरीच्या, स्टेलाच्या, लग्नाची वर्दी वाचायचीय, कुणाची हरकत आहे का म्हणून. मी असलं करीन?"

"इन्स्पेक्टरला फोन लावा," सोलैयप्पन म्हणाले, आणि स्वतःच लावलासुद्धा. नाश्ता उरकून येतो, असा तिकडून निरोप आला.

आरोग्यसामी फाटकापाशी जमिनीवर बसला. पोलिसांची जीप आपल्याला घेऊन गेली, की रविवारी फादर वर्दी वाचतील, आणि मुलाकडचे लोक उठून निघून जातील. हे त्याला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात अळगम्मै आल्या. चेट्टियारांच्या थोरल्या बहीण. उमैयाळची आई ती रांगती असताना गेली, तिला वाढवलं ते या आत्यानं. घरात दोन वेण्या घालणारी, ताप काढणारी, परीक्षेला सोडायला जाणारी सगळी तीच. रोज सकाळची पहिली कॉफी त्या आरोग्यसामीला स्वतः आणून देत. आजही आणली. पण आज उजवा हात पदरात गुंडाळलेला होता, आणि पेला पुढं आला तो डाव्या हातानं.

"पी," त्या खाली बघत म्हणाल्या, आणि भरकन आत गेल्या.

या घरात भिकाऱ्यालाही कुणी डाव्या हातानं देत नाही. म्हणजे आक्कांनीही मला गुन्हेगार ठरवलं! त्यानं पेला तसाच बाजूला ठेवला.

२

स्कूटर फाटकात शिरली ती ओरडा घेऊनच.

"कोण म्हणालं माझा रंग उतरला? पुढं या! पाणी लागलं की उतरायला तो काय नाटकातल्या राजाचा रंग आहे?"

ही कोदैनायकी. सगळं गाव तिला कोदैअक्का म्हणतं, आणि समोर आली की जरा बाजूला होतं. रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा चालवून आलेली, आता बायपासवर स्वतःची रंगाची मोठी शेड. गाडीला कुणी ओरखडा पाडला, कधी पाडला, आणि कुणावर ढकलतोय, हे ती ओरखड्याकडे बघून सांगते. फी घसघशीत घेते. नम्रता हा गुण तिला देवानं दिला नाही आणि तिनं मागितलाही नाही.

"ॲसिड आहे ते," सोलैयप्पन म्हणाले.

"तुम्ही चाटून बघितलंत का?" कोदै म्हणाली. "आरोग्यम, रडत काय बसलायस? बादली धर. माझ्या मागं मागं राहा."

"तो आरोपी आहे," सोलैयप्पन म्हणाले.

"मग तर बरंच. आरोपी पळून जाणार नाही, आणि माझी बादलीही."

तिनं बोट ओलं करून चट्ट्यावर घासलं. दोन बोटं एकमेकांवर फिरवली. भुवया वर गेल्या. पुन्हा घासलं. मग आरोग्यसामीपुढं हात केला. "बघ रे. कसं लागतंय?"

"बुळबुळीत, अक्का. साबणासारखं."

"हं." ती गप्प झाली, आणि कोदैअक्का गप्प झाली की बघणाऱ्यालाच धडकी भरते.

बॉनेटवर कालची झेंडूची माळ अजून आडवी होती. ओघळ तिच्या खालून गेले होते आणि दोरा जागोजाग भिजून लालसर पडला होता. कोदैनं दोरा ओढला. तुटेना. जोरात ओढला. तरी तुटेना. मग तिनं माळेतल्या दोऱ्याचा कोरडा तुकडा कापून डिकीतल्या कॅनमधल्या ॲसिडात बुडवला आणि ओट्यावर कडक उन्हात ठेवला.

"तोवर जरा गप्पा मारू," ती म्हणाली. "गाडी रात्री इथंच होती?"

"मीच लावली, अक्का. चाकांखाली लिंबं ठेवून, रीतीप्रमाणं. डावं लिंबू छान चिरडलं, सगळा रस टायरवर उडाला. उजवं निसटून गटारात गेलं."

"सकाळी पहिल्यांदा कोण उठलं?"

"बायका. रांगोळीला."

कोदै चेट्टियारांकडे वळली. "गाडीवर कुणाचा डोळा होता का?"

चेट्टियार अवघडले. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. सोलैयप्पन ही गाडी मागून मागून थकले होते आणि चेट्टियार नाही म्हणून म्हणून.

"मागितली, चोरली नाही!" सोलैयप्पन तडकले. "आणि हवी असलेली वस्तू कुणी जाळतं का?"

"स्वस्तात हवी असेल तर जाळतंही," कोदै शांतपणे म्हणाली. ओट्यावरचा दोरा तिनं दोन बोटांनी उचलला. तो काळसर पडला होता. नुसता ओढला आणि भुसा होऊन हातात आला.

"हे ॲसिड. सुती दोरा खाऊन टाकतं. माळेचा दोरा मात्र धडधाकट आहे." तिनं कॅनला पायानं ढकललं. "या गाडीवर ॲसिडाचा थेंबसुद्धा पडलेला नाही. जे पडलंय ते बरोबर त्याच्या उलट आहे."

३

चेट्टियार उभे राहिले. "उलट म्हणजे?"

"खार. तुम्हाला जुन्या पद्धतीचाच रंग हवा होता ना? तो तेलाचा असतो. अजून पुरता मुरलाही नव्हता. तेलावर खार पडला की काय होतं?"

"साबण," आरोग्यसामी म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"साबण. म्हणून फडक्याला लागला. रंग माझा उत्तम होता, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा." आता ती उजव्या चाकापाशी उकिडवी बसली. टायरच्या पांढऱ्या कडेवर लाल थेंब वाळलेले होते. सकाळी कुणीतरी 'रक्त!' म्हणून किंचाळलं होतं, मग गाडीचाच रंग ओघळलाय असं ठरलं होतं. कोदै उठून डाव्या चाकाकडे गेली. तिथंही थेंब होते, तसेच, तेवढेच. पण पिवळे.

"आरोग्यम, इकडे लाल, तिकडे पिवळे. गाडी तर एकच. कसं काय?"

आरोग्यसामीनं डोकं खाजवलं. "डावीकडे... लिंबाचा रस उडाला होता."

"घरातून लिंबू आण."

लिंबू आलं. कोदैनं ते उजव्या चाकावर पिळलं. बघता बघता लाल थेंब पिवळा पडला, अगदी डोळ्यांदेखत. गर्दीतून एकदम 'आँ?' झालं. एका बाईनं तोंडावर हात ठेवला, कारण स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"हळद!" ती म्हणाली.

"हळद," कोदै म्हणाली. "आणि हळद लाल कशानं होते?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच माणसाच्या कमरेकडे गेल्या. सोलैयप्पनच्या वेष्टीला खोचलेली चांदीची डबी तिथं चकाकत होती. पानाच्या चुन्याची.

४

चेट्टियारांनी मेहुण्याची मानगूटच धरली. "सोलै! माझ्या मुलीच्या पाठवणीच्या दिवशी?"

"अत्तान, सोडा! माझ्या मेलेल्या बहिणीची शप्पथ!" सोलैयप्पनचं पान घशात अडकलं. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यावर बोट दाखवणं फार सोपं असतं. तेच बोट आपल्याकडे वळलं की घाम फुटतो.

"सोडा त्यांना," कोदै म्हणाली. "द्या ती डबी." तिनं डबीतला चुना तळव्यावर घेतला. "हा बघा, लोण्यासारखा. आणि हा बॉनेटवरचा." नखानं पांढरी कड खरवडून तिनं आरोग्यसामीच्या बोटांवर ठेवली.

"रेव लागतेय, अक्का."

"कारण हा पानाचा चुना नाहीच. लग्नासाठी भिंती पांढऱ्या केल्यात ना? त्या कळीच्या चुन्याचं पिंप मागं परसात असेल. हा तिथला. जहाल, आणि तोही ओंजळभर. शिवाय सोलैयप्पन त्यात हळद कशाला कालवतील? त्यांना या घरात हळदीचा डबा तरी कुठं असतो ते ठाऊक आहे का?"

सोलैयप्पननी जोरजोरात मान हलवली. माहीत नसल्याचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

हळद आणि चुना. लाल पाणी. आता प्रत्येकाला कळलं होतं, पण म्हणायला कुणी धजेना. हे तर आलम! काल नवरानवरी दारात आले तेव्हा सवाष्णींनी ताटात हेच लाल पाणी घेऊन ओवाळलं होतं, आणि मग ते रस्त्यावर ओतलं होतं. ते जमिनीवरच ओततात. गाडीवर कोण ओतेल?

बॉनेटवरच्या त्या अर्धवट वर्तुळावर कोदैनं बोट फिरवलं. "ताट इथं टेकवलं होतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पण ओवाळायला समोर माणूसच नव्हतं. मग ज्याला ओवाळलं त्याच्यावरच पाणी ओतलं. विडे आणि चुना सवाष्णींच्या खोलीत ठेवलेले, तिथं न जाता पिंपातून घेतला. का?"

बोलता बोलता तिचं लक्ष फाटकाशी गेलं. तिथं कॉफीचा पेला होता, वर जाड साय धरलेला.

"ही कॉफी कुणाची?"

"माझी."

"प्यायला का नाहीस? सकाळपासून उपाशी मरतोयस की."

आरोग्यसामीनं पेल्याकडे पाठ केली. "अळगम्मैआक्कांनी दिली, अक्का. डाव्या हातानं दिली. उजवा पदरात लपवून. मी काय इतका वाईट आहे का?"

कोदैच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला. आणि तिच्याकडे बघता बघता आरोग्यसामीच्याही लक्षात आलं. त्याच्या हातातून बादली निसटली, पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

अळगम्मै विधवा होत्या. ज्या मुलीला त्यांनी वाढवलं, तिच्या लग्नात त्या दोन दिवस कोठीच्या खोलीत बसून होत्या. हळदीला हात लावायचा नाही, नवरीसमोर यायचं नाही, ओवाळायचं तर नावच नाही.

बाहेर जीप थांबली.

५

"कोण आहे तो?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"तो नव्हे," कोदै म्हणाली. "ॲसिड नाही, गुन्हा नाही. मी लेखी देते. परत जा."

"मग कोण?" चेट्टियार हट्टाला पेटले. "कोदै, तुला माहीत आहे. नाव सांग. नाहीतर मी यालाच पाठवतो. लोकांना काय सांगू मी, गाडी भुतानं धुतली?"

"चूक आहे हो ती, अपराध नाही. चारचौघांत विचारू नका."

"नाव!"

कोदैनं ओठ घट्ट मिटले. आरोग्यसामीनं मात्र तोंड उघडलं. एका शब्दाचं काम होतं. स्टेला आठवली, रविवार आठवला, फादर आठवले. मग तो पदरात गुंडाळलेला हात आठवला. इतक्या वर्षांत एक सकाळ अशी गेली नव्हती की त्या बाईनं त्याला कॉफी दिली नाही. हे नाव आपल्या तोंडून जायचं नाही, त्याला वाटलं. त्यानं तोंड मिटलं आणि जीपकडे पाऊल टाकलं.

"थांब रे, आरोग्यम."

दारात अळगम्मै उभ्या होत्या. आतल्या खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं असावं. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी उजवा हात पदरातून बाहेर काढला. तो मनगटापर्यंत लाल होता आणि बोटं चुन्यानं सोलवटली होती.

गर्दीतून श्वास ओढल्याचा आवाज आला. चेट्टियारांनी खांबाला धरलं. "अक्का? तू?"

"पोर आज जाणार. एकदा ओवाळावं वाटलं रे. तिच्यासमोर कशी जाऊ? ती बसणार त्या गाडीला ओवाळलं. उजाडायच्या आत. किती वर्षांत हळद कालवली नव्हती, चुना किती घालायचा तेही विसरले." त्यांचा आवाज फुटला. "मग ॲसिड टाकलं म्हणून ओरडा ऐकला. मला वाटलं, माझ्याच हाताचा दोष. मी ओवाळलं आणि लगेच कुणाला तरी दुर्बुद्धी झाली. माझ्या पाण्यानंच जळलंय हे आत्ता कळतंय. आधी कळलं असतं, तर या बिचाऱ्याला इतका वेळ..."

"विधवेच्या हातचं आलम," सोलैयप्पन पुटपुटले. "मुलगी घराबाहेर पडायच्या आधी. अपशकुन नाही तर काय."

"चुना, मामा! अपशकुन नाही, चुना!" कोदै कडाडली. "तुमच्या बायकोनं ओतला असता तरी रंग अस्साच फुगला असता!"

तेवढ्यात उमैयाळ जिना उतरून आली. कालचे दागिने अंगावर तसेच होते. तिनं आत्याचा लाल हात हातात घेतला, बॉनेटकडे बघितलं, आणि सरळ गाडीत जाऊन बसली.

"अत्तै, या. माझं राहिलंय."

"ओवाळलं ना गं सकाळी."

"गाडीला ओवाळलंत. गाडीला सासरी नांदायचंय का?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळे चेट्टियारांकडे बघत होते. चेट्टियार आपल्या बहिणीच्या सोललेल्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी मेहुण्यापुढं हात पसरला.

"सोलै, चुन्याची डबी."

"अत्तान, अहो रीत..."

"डबी दे म्हणतो ना!"

"चिमूटभर घ्या," कोदै मध्येच बोलली. "आणि कृपा करून पाणी रस्त्यावर ओता."

अळगम्मैंनी ओवाळलं. त्यांनी लाल पाण्याचा टिळा उमैयाळच्या कपाळाला लावला तेव्हा त्या दोघी रडत होत्या, आणि इन्स्पेक्टर, चुकून पाहुणा झाल्यासारखा, टोपी काढून उभा होता.

कोदै चिंचेचं पाणी घेऊन बॉनेट पुसायला लागली. "आधी सगळा खार मारायचा," ती चेट्टियारांना सांगत होती. "मग पत्र्यापर्यंत घासायचं, मग प्रायमर, मग रंग. घाई करून नुसतं वरून रंगवलं, तर महिन्याभरात आतून पुन्हा फुगून येईल. आज अशीच जाऊ द्या. देवकोट्टैहून आली की शेडवर लावा."

चेट्टियारांनी मान डोलावली आणि आरोग्यसामीपाशी आले. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"चुकलो मी, आरोग्यम. मुलीला तूच पोचव. रविवारी मी चर्चमध्ये येतो, पुढच्या बाकावर बसतो. बघू कोण काय बोलतं."

आरोग्यसामीनं किल्ली घेतली. डोळे पुसावेत म्हणून तो गाडीच्या मागं गेला, तर तिथं अळगम्मै पेला घेऊन उभ्या होत्या. कॉफी नवी होती, वाफ निघत होती. पेला उजव्या हातात होता, बोटं अजून लालच होती.

"सकाळची टाकून दे," त्या म्हणाल्या. "ही घे."

त्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या प्यायला. गडबडीत साखर घालायची राहून गेली होती. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत पेला रिकामा केला.